चौदा नंबरच्या ड्रॉवरमधली वही

१

शनिवारी संध्याकाळी माझ्या अभ्यासिकेत कुणीतरी "काकू!" म्हणून ओरडलं, आणि मी कणकेची परात तशीच टाकून जिना चढले. चार वर्षांत तिथं कुणी ओरडलं नव्हतं. कसं ओरडणार? 'बोलू नये' ही पाटी मीच लावलीय. काही सांगायचं असलं तर फळ्यावर चिठ्ठी टाचायची, हा माझा कायदा. गारखेड्यात अभ्यासिका ढीगभर आहेत, पण पंख्याचा आवाज मोठा वाटावा इतकी शांतता माझ्याच इथं, म्हणून मी लई मिरवायचे. लेक लग्न होऊन हैदराबादला गेली, वरच्या खोल्या ओस पडल्या, तिथं मी बावीस खुर्च्या मांडल्या. घरात दिवसभर बावीस माणसं, आणि 'जेवलात का' म्हणून विचारणारं एक नाय. हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ओरडली ती रूपा. चौदा नंबरची. वय एकतीस, मुकुंदवाडीहून येते, एका विमा कचेरीत फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम करते. येताना 'जय भीम, काकू' आणि जाताना 'येते, काकू', एवढंच तिचं बोलणं. पण तेवढं तरी करणारी ती एकटीच.

"काकू, माझी वही गेली."

"गेली कुठं? ही काय." ड्रॉवरमध्ये वही होती की. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, फेब्रुवारी महिना. वर कुठं कुठं चिकटपट्टी ओरबाडल्याच्या खुणा होत्या, पण कोपरे कसे झकास आत मुडपलेले.

"उघडून बघा."

उघडली. सगळी कोरी. पानं कडांना पिवळी पडलेली, मागच्या पुठ्ठ्यावर दोन ते तीसचे पाढे छापलेले.

"कव्हर माझं आहे," रूपा म्हणाली. "आतली वही माझी नाय."

 मी तिला खाली स्वयंपाकघरात आणलं, कारण वर बोलायची सोय नव्हती. पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं धरला आणि प्यायलीच नाय. मग एकदम बोलायला लागली. कचेरीत सात जणी फॉर्म चढवतात. आता ते काम मशीन करणार. साहेब म्हणाले, दोघींना ठेवतो. नवशिक्यांसाठीचा मशीन लर्निंगचा ऑनलाइन कोर्स ज्यानं त्यानं निवडायचा, कचेरी एकदाच भरून देईल. सोमवारी दहाला साहेबांसमोर बसायचं. कोणता कोर्स, का तोच, आणि आजवर आपलं आपण काय शिकलात, ते दाखवायचं.

"दोन महिने सात कोर्सचे फुकटचे धडे बघितले, काकू. सगळं लिहून काढलं. कुणाला गणित किती लागतं, कोण नवशिक्यांसाठी म्हणतो आणि प्रोग्रॅमिंग येतंच असं धरून सुटतो, गृहपाठ माणूस तपासतो की नुसतीच हिरवी खूण येते. सोडवलेली उदाहरणं पण त्यातच. रिकाम्या हातानं गेले तर साहेब म्हणतील, हिनं काय केलंच नाय. मग बसा घरी."

"मग ती वही घरी नेऊन ठेवायची ना, बाई!"

"घरी एक खोली आणि भावाची तीन लेकरं. आधीची वही त्यांनीच फाडली."

 चौदा नंबरच्या ड्रॉवरचं कुलूप तीन महिन्यांपासून मोडलेलं होतं आणि मला ते माहीत होतं. आज करू, उद्या करू करत राहिले. म्हणजे ही चोरी निम्मी माझ्याच अंगावर होती.

"सोमवारी दहाच्या आत वही तुझ्या हातात देते," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

२

"त्या वहीत कुणाचं वाईट लिहिलंयस का?" मी विचारलं.

रूपाला त्यातही जरा हसू आलं. सातही कोर्सना तिनं नावं ठेवली होती. एक मास्तर धापा टाकत शिकवतो, तो 'पळणारा'. एक कोट घालून नुसतं बोलतो, तो 'लग्नातला'. एका बाईंच्या कोर्सचं नाव 'मावशी', कारण त्या धडा संपला की म्हणतात, आता मला सांग बरं काय समजलं. आणि एक 'गॅरंटीवाला'. त्याच्यापुढं रूपानं लिहिलं होतं, पहिल्या धड्यात नोकरी देतो असं पाचदा म्हणाला, मशीन लर्निंग म्हणजे काय ते एकदा पण नाय.

"तो कोर्स अतुलच्या क्लासचा आहे," ती म्हणाली.

झालं! माझं डोकं फिरलं. अतुल म्हणजे नऊ नंबर. दिवसा फोनवरून कोर्स विकतो, उरलेल्या वेळात परीक्षेचा अभ्यास करतो. माझा चार्जर गायब झाला तेव्हा त्याच्याकडं निघाला. संडासातला बल्ब चोरीला गेला तेव्हाही चोर तोच. आता आणखी काय पुरावा पाहिजे? मी तरातरा वर गेले आणि माझीच पाटी डोक्यावर असताना सगळ्यांसमोर गरजले, "अतुल, पिशवी उलटी कर!"

त्यानं केली. दोन पुस्तकं, डबा, कंगवा आणि पुन्हा माझाच चार्जर निघाला. वही नाय.

"काकू, चार्जर नेला, व्हय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "वही नाय नेली. आमच्या कोर्सबद्दल तिनं जे लिहिलंय ते मला माहितीय. मीच तिला सांगितलं होतं, घेऊ नको म्हणून."

मी माझ्या मागून वर आलेल्या रूपाकडं बघितलं. तिनं मान हलवली. "यानंच सांगितलं, काकू. पार हात जोडून."

बावीस माणसं माझ्याकडं बघत होती. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. अतुलनं पिशवी भरली आणि निघून गेला. जाताना चार्जर टेबलावर ठेवला, ते मला जास्त लागलं.

खाली आल्यावर रूपा म्हणाली, "काकू, माझ्या वहीत पहिल्याच पानावर एक गोष्ट होती. मशीनला शंभर मोसंब्या दाखवल्या, सगळ्या हिरव्या. मग एक पिवळी मोसंबी आणली. मशीन म्हणतं, ही मोसंबीच नव्हे. त्याची चूक नाय. त्याला दाखवलंच तेवढं."

"म्हणजे मी मशीन."

"तसं नाय म्हटलं मी."

"म्हणालीसच की." पण पोरगी खरं बोलत होती. माझ्या डोक्यातल्या सगळ्या चोऱ्या अतुलच्या होत्या, म्हणून ही पण त्याचीच वाटली. आता ही चोरी वेगळी धरून बघायची होती. चार्जर उचलणारा माणूस हात घालतो आणि पळतो. इथं कुणीतरी वही बाहेर काढली, तिचं कव्हर उतरवलं, दुसऱ्या वहीवर चढवलं आणि परत जागेवर ठेवलं. कशाला? लवकर कळू नये म्हणून. घाई नसलेल्या माणसाचं काम होतं ते.

"आणखी एक सांगायचं राहिलं," रूपा दारात थांबून म्हणाली. "त्या वहीत माझ्याशिवाय आणखी कुणीतरी लिहायचं."

३

आता बोला! दीड महिना हा प्रकार चालू होता आणि मालकिणीला पत्ता नाय. रूपा संध्याकाळी एखादी शंका वहीत लिहून ठेवायची. दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर खाली शिसपेन्सिलीनं उत्तर. सरासरी कशी काढायची, उतार म्हणजे काय, ठिपक्यांमधून रेघ कशी बसवायची. कधी नुसतं, 'बरोबर आहे. पुढं जा.'

"मला वाटायचं तुम्हीच," ती म्हणाली.

"मी? मला दुधाचा हिशोब जमत नाय."

"मला लई आधार होता त्याचा. घरी कुणाला विचारणार? कचेरीत विचारलं तर हसतात. मुद्दाम शोधलं नाय मी. वाटलं, शोधलं तर थांबेल."

ती गेल्यावर मी वर जाऊन फळ्यासमोर उभी राहिले. शुक्रवारी तिनंच टाचलेली चिठ्ठी अजून तिथं होती. 'काकू, कोर्स कचेरीतच करायचाय. कोर्स ठरला की सोमवारपासून चौदा नंबर सोडते. रूपा.' ती वाचून शुक्रवारी मला वाईट वाटलं होतं, आणि मी तिला तसं म्हणाले नव्हते.

रविवारी सकाळी सहाला दार उघडलं तर नेहमीप्रमाणं नानासाहेब पायरीवर. हे सरकारी मोजणी खात्यातून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेली. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा विश्वजीत पुण्याला. यांची खुर्ची नाय, नंबर नाय, रजिस्टरात सही नाय. दाराजवळच्या बाकावर बसून पेपर वाचायचे, शब्दकोडं सोडवायचं, नऊला घरी जायचं. त्यांच्या घरी पण तोच पेपर येतो, हे मला पेपरवाल्यानं कधीच सांगितलं होतं. मी कधी विचारलं नाय.

"नानासाहेब, रूपाची वही गेली. काल सकाळी कुणाला चौदा नंबरपाशी बघितलंत का?"

"मला कुठं दिसतंय, लीलाबाई. मोतीबिंदू वाढलाय. मथळे तेवढे वाचतो, बाकी सगळं धूसर." त्यांनी डोळे पुसले, पेपरची नीट घडी घातली आणि बाकावर ठेवला. त्या दिवशी ते आठलाच गेले. कोडं पुरं भरलेलं होतं.

पंधरा नंबरची श्रेया साताला आली. ही रूपाच्याच कचेरीतली, त्याच सात जणींमधली. म्हणजे रूपा पडली तर हिचा नंबर वर. मी तिला खाली बोलावलं, चहा ठेवला आणि मुद्दाम काही विचारलंच नाय. नुसती बघत बसले. पोरीनं चहाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि ढसाढसा रडायला लागली.

"काकू, मी केलंय. पण तुम्हाला वाटतंय ते नाय!"

४

श्रेयानं वहीचे फोटो काढले होते. दोन महिन्यांत तिनं एक धडा बघितला नव्हता. आई दवाखान्यात, घरचं सगळं हिच्यावर. म्हणून गुरुवारी सकाळी गुपचूप चार पानांचे फोटो काढले. उरलेल्या पानांसाठी शनिवारी साताला पुन्हा ड्रॉवर उघडला.

"तर आत कोरी वही, काकू. मी घाबरले. सांगितलं असतं तर मी ड्रॉवर का उघडला ते पण सांगावं लागलं असतं."

"साताला? नक्की?"

"माझी सही आहे रजिस्टरात. पहिलीच."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि फोन मागितला. फोटोत रूपाचं निळ्या शाईचं अक्षर होतं, खाली बारीक शिसपेन्सिल. एका पानावर ठिपके काढून त्यांच्यामधून एक रेघ ओढली होती. पट्टीनं ओढलेली, आणि दोन्ही टोकांना बारीकशी आडवी खूण. मी बघत राहिले. आमच्या कन्नड तालुक्यातल्या शेताची मोजणी झाली तेव्हाचा नकाशा अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर प्रत्येक रेघेला अशाच खुणा आहेत.

 मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. शुक्रवारी रात्रीचं कुलूप मी लावलं, तेव्हा रूपा वही ड्रॉवरमध्ये ठेवून शेवटी उठली होती. शनिवारी सहाला मी दार उघडलं, आणि तो आमचा नळाला पाणी यायचा दिवस. आठ दिवसांचं पाणी भरायचं, म्हणून मी तासभर खाली मोटर आणि ड्रमपाशी. साताला वही बदललेली. त्या तासात वर बसणाऱ्याची रजिस्टरात सही नाय, कारण तो सही करतच नाय. रूपानं कव्हर चिकटपट्टीनं डकवलं होतं. ज्यानं परत चढवलं त्यानं चिकटपट्टीशिवाय, कोपरे मुडपून, आत खोचून चढवलं. आताच्या पोरांना ते येत नाय, ती बाजारातून प्लॅस्टिकचं आणतात. ज्यानं जूनमध्ये रात्र रात्र बसून लेकराच्या वह्यांना कव्हरं घातली, त्याच्याच हाताला ती घडी ठाऊक. ती पाढ्यांची पिवळी वही पण आजची नव्हती. कुणाच्यातरी घरात पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेली होती.

आणि मथळ्यांशिवाय काही दिसत नाय म्हणणाऱ्या माणसानं ते बारीक चौकोनांचं कोडं पुरं भरलं होतं.

एकच कळत नव्हतं. जो दीड महिना तिला शिकवत होता, त्यानंच तिचं वाटोळं का करावं?

५

दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. दुपारचे तीन वाजले होते. दार उघडंच होतं.

"या, लीलाबाई. चहा घेता?"

"आधी वही."

ते आत गेले आणि वही घेऊन आले. कव्हर नसल्यानं ती उघडी उघडी दिसत होती. माळ्यावर पाढ्यांच्या तसल्याच वह्यांचा गठ्ठा होता, अजून सुतळीत बांधलेला.

"विश्वजीतसाठी दर वर्षी डझनानं आणायचो," ते म्हणाले. "तो होस्टेलला गेला, त्या राहिल्या."

"नानासाहेब, का केलंत हे?"

"शनिवारी आल्या आल्या फळ्यावरची चिठ्ठी वाचली. कोर्स ठरला की सोडते, असं होतं." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "म्हटलं, नाय ठरला तर? आठ-पंधरा दिवस आणखी येईल. तुम्ही पाण्यापाशी होतात, तेवढ्यात घरून कोरी वही आणली. मग मिळाली म्हणून देणारच होतो." मग म्हणाले, "मी एकदा पेपर वाचता वाचता सहज ती वही उघडली. पहिलीच शंका, ठिपक्यांतून रेघ कशी ओढायची. बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? मला सहा वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं, लीलाबाई. विश्वजीत रविवारी फोन करतो. गोळ्या घेतल्या का, म्हणतो. तेवढंच."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदमच.

"तिची नोकरी जाणार होती उद्या. माहितीय?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. वहीत ते कुठं लिहिलेलंच नव्हतं आणि माझ्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चिठ्ठीवर मावेल तेवढंच त्यांना कळलं होतं.

"मी देते तिला. तुमचं नाव नाय घेत," मी म्हणाले.

"नको," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

संध्याकाळी रूपा आली तेव्हा ते चौदा नंबरपाशी उभे होते. माझ्या पाटीखाली, भरल्या खोलीत, मोठ्यानं म्हणाले, "पोरी, वही मी नेली होती. पेन्सिल पण माझीच."

रूपानं वही हातात घेतली, सगळी पानं चाळली. मग बोलली, आणि तिचा आवाज फाटला. "माझं सगळं गेलं असतं, नाना. काल रात्रभर झोपले नाय मी. तुम्ही मागितली असती तर मी रोज दाखवायला आले असते. तुमच्या घरी आले असते."

नाना जिना उतरून गेले. कुणी त्यांना थांबवलं नाय. मी पण नाय.

६

सोमवारी रूपाला ठेवलं. दुसरी श्रेया. रूपानं चार फोटो माफ केले आणि आदल्या दिवशी, रविवारी सबंध संध्याकाळ बसून तिला बाकीची पानं समजावली. माझ्या स्वयंपाकघरात, मोठ्यानं. अतुलकडं जाऊन मी माफी मागितली. तो म्हणाला, काकू, चार्जर मात्र लई चांगला आहे तुमचा. दिला त्याला.

रूपानं 'मावशी' निवडली. साहेबांनी विचारलं, सगळ्यात सावकाश चालणारा कोर्स का? ही म्हणाली, यात दर धड्यानंतर तो दुसऱ्याला समजावून सांगावा लागतो, आणि मी जे काही शिकले ते विचारून आणि सांगूनच शिकले.

मंगळवारी संध्याकाळी ती माझ्या दारात. "काकू, मला शिकवायला एक माणूस पाहिजे. काहीच येत नसलेलं."

"मग आली की तू बरोबर घरी," मी म्हणाले.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी साताला येते. वर अजून पाटी आहे, पण खाली आमची बडबड चालते आणि वरची एक-दोन पोरं पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन ऐकत उभी राहतात. खरं सांगते, वही गेली ते दोन दिवस माझ्या घरात जेवढं बोलणं झालं, तेवढं चार वर्षांत झालं नव्हतं. आणि ते मला आवडलं होतं, याची मला लाज वाटते.

नानासाहेब मात्र आले नाय. पायरी रिकामी. पेपर कुणी न उघडता बाकावर पडून राहायचा. मी रोज तीन कप चहा ओतायचे, रूपा दोन कपांकडं बघायची, तिसऱ्याकडं नाय. त्यांचं नाव तिनं काढलं नाय आणि मीही काढलं नाय.

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी धड्यात पुन्हा ते ठिपके आले. रूपानं पट्टी लावली, रेघ ओढली, खोडली, परत ओढली, परत खोडली. कागदाला भोक पडलं.

"माझा राग गेला नाय, काकू," ती कागदाकडं बघत म्हणाली.

"मी कुठं म्हटलं गेला म्हणून."

"पण ही रेघ मला बसत नाय." तिनं पट्टी खाली ठेवली. "बोलवा त्यांना. पेन्सिल घेऊन या म्हणावं. आणि तो चहा गरम करा."

मी फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.